अमेरिकेतल्या काउंटीकडून सरकारी कागद कसा मिळवायचा

अमेरिकेतल्या मराठी घराला काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारच्या, कागदाची गरज पडते ती बहुतेक वेळा घाईत. ओसीआय कार्डासाठी लग्नाचा दाखला हवा असतो. गावाकडच्या जमिनीवर वारस नोंद करायची म्हणून इथल्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली जाते. घर विकायला काढल्यावर कळतं की फेडून झालेल्या कर्जाचा बोजा दप्तरात अजून तसाच आहे. किंवा मुलं ज्या चौकातून शाळेत जातात तिथल्या सिग्नलची तक्रार करून वर्ष उलटलं तरी कुणी दाद देत नाही. अशा वेळी आपण गूगल करतो, आणि सगळ्यात वर खासगी कंपन्यांची संकेतस्थळं दिसतात. तिथे पैसे भरू नका. तोच कागद काउंटीकडे फार कमी पैशांत मिळतो, कित्येकदा फुकट.

माझा आग्रह एवढाच आहे की लेखी अर्ज करायला धावू नका. आधी नेमका कोणता कागद हवा आणि तो कुणाच्या दप्तरात आहे ते ठरवा. हे जमलं की निम्म्याहून जास्त वेळा अर्जाची गरजच उरत नाही. जिथे उरते, तिथे अर्ज नेमका होतो आणि नाकारायला अवघड जातो.

नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून एकच काउंटी धरून सांगतो: कॅलिफोर्नियातली सांता क्लारा. सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिलपिटास, सॅन होजे ही गावं तिच्यात येतात आणि आपली वस्तीही तिथे भरपूर आहे. इतर राज्यांबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आधी कागद कुणाकडे ते बघा: शहर, काउंटी की राज्य

सांता क्लारा काउंटीत 15 शहरं आहेत. तुमचा पत्ता शहराच्या हद्दीत असेल तर बांधकामाचा परवाना, शेजाऱ्याच्या कुंपणाची तक्रार, पोलिसांच्या नोंदी हे सगळं शहराकडे असतं (क्युपर्टिनोसारख्या काही शहरांत पोलिसांचं काम मात्र काउंटीचा शेरीफ करतो). हद्दीबाहेरच्या, कुठल्याच शहरात न मोडणाऱ्या भागात ही कामं काउंटी करते आणि तिथे पोलिसांच्या जागी शेरीफ असतो. पोस्टाच्या पत्त्यात सॅन होजे लिहिलंय म्हणजे घर सॅन होजे शहराच्या हद्दीत आहेच, असं समजू नका. काउंटीच्या नकाशावर पत्ता टाकून खात्री करा.

काही गोष्टी मात्र तुम्ही कुठल्याही शहरात राहत असा, काउंटीकडेच असतात: मालमत्तेचे नोंदवलेले दस्त, मालमत्ता कर, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी, निवडणुका, तुरुंग, हॉटेलांच्या स्वच्छता तपासणीचे अहवाल. लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू असे एक्सप्रेसवेही काउंटीच्या रस्ते खात्याच्या ताब्यात आहेत. लॉरेन्स एक्सप्रेसवेवरच्या सिग्नलबद्दल शहराला कितीही पत्रं लिहिली तरी कागद तिथे नसल्याने उत्तर येणार नाही.

कोर्टाची गोष्ट वेगळी. सुपीरियर कोर्टाच्या नावात काउंटीचं नाव असतं, पण ते राज्याच्या न्यायव्यवस्थेचा भाग आहे. घटस्फोटाचा हुकूम, प्रोबेट (मृताच्या मालमत्तेची कोर्टातली प्रक्रिया), छोट्या दाव्यांचे निकाल हवे असतील तर कोर्टाच्या क्लार्ककडे जायचं. सरकारी कागदपत्रांचा कायदा तिथे लावायला गेलात तर फक्त वेळ जाईल. आणि फोया या नावाने ओळखला जाणारा 1966 चा माहिती मिळवण्याचा कायदा केंद्र सरकारच्या खात्यांपुरता आहे, काउंटीला तो लागू नाही. अर्जात त्याचा हवाला दिला म्हणून अर्ज बाद होत नाही, पण राज्याच्या कायद्याचं नाव घेतलेलं बरं. कॅलिफोर्नियात तो 1968 चा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. 2004 साली मतदारांनी माहिती मिळवण्याचा हा हक्क राज्यघटनेतही घातला.

घराचे कागद

महाराष्ट्रातून आलेला माणूस इथे सातबारा शोधतो. एका कागदावर मालक, क्षेत्र, बोजा सगळं दिसेल असा उतारा इथे नाही. एकामागून एक नोंदवलेल्या दस्तांच्या साखळीवरून मालकी ठरते आणि ती माहिती तीन खिडक्यांवर वाटलेली असते.

असेसर मालमत्तेचं करपात्र मूल्य ठरवतो. रेकॉर्डर दस्त नोंदवून जपतो. टॅक्स कलेक्टर कर गोळा करतो. तिन्हीकडे चालणारा दुवा म्हणजे पार्सल नंबर, त्या जमिनीचा क्रमांक. तो कराच्या बिलावर छापलेला असतो आणि असेसरच्या संकेतस्थळावर पत्ता टाकूनही मिळतो. घराच्या कुठल्याही कामाला निघण्याआधी हा नंबर लिहून घ्या.

असेसरने दाखवलेलं मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे. मतदारांनी 1978 मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन 13 या नियमामुळे कॅलिफोर्नियात खरेदीच्या वेळचं मूल्य धरून ते वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढतं. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांच्या मूल्यांत प्रचंड तफावत दिसते. ती चूक नसते. एक घर तीस वर्षांपूर्वी घेतलेलं असतं, दुसरं गेल्या साली.

शेजारचं घर खरंच केवढ्याला गेलं हे पाहायचं असेल तर रेकॉर्डरकडचं ग्रँट डीड, म्हणजे मालकी देणारा दस्त, बघा. किंमत त्यावर लिहिलेली नसते, पण पहिल्या पानावर वरच्या बाजूला डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्सचा, म्हणजे मालकी बदलताना लागणाऱ्या कराचा, आकडा असतो. काउंटीचा दर दर हजार डॉलरला 1.10 डॉलर आहे. कराच्या जागी 1,650 डॉलर दिसले तर 1,650 भागिले 1.10, म्हणजे 1,500 हजार. घर 15 लाख डॉलरला गेलं. सॅन होजेसारखी काही शहरं वर स्वतःचा करही घेतात आणि तो बहुतेक वेळा वेगळा दाखवलेला असतो. हिशोबात फक्त काउंटीचा आकडा धरा. कर शून्य असेल तर शेजारी कारण लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ घर स्वतःच्याच ट्रस्टमध्ये टाकलं किंवा बक्षीस दिलं. खरेदीदाराने विकणाऱ्याचं कर्ज तसंच पुढे चालवायला घेतलं असेल तर ती रक्कम करातून वगळली जाते आणि हिशोब कमी भरतो. असं क्वचित होतं.

रेकॉर्डरचा शोध नावावरून चालतो, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव. पत्त्याने तो सहसा होत नाही. म्हणून आधी असेसरकडून पार्सल नंबर आणि दस्त क्रमांक काढावा, मग रेकॉर्डरच्या सूचीत यावं. आपल्या नावांचे घोळ इथे फार होतात. मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. आडनाव दोन शब्दांत तुटलेलं असतं. बायकोचं माहेरचं नाव एका दस्तात, सासरचं दुसऱ्यात. नावाची सगळी रूपं घालून शोधा. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच काउंट्या सूची ऑनलाइन ठेवतात, पण दस्ताचं चित्र कार्यालयातल्या संगणकावरच दाखवतात किंवा पैसे भरल्यावर प्रत देतात.

कर्ज फेडलेल्या किंवा रीफायनान्स केलेल्या प्रत्येकाने एक काम करावं: आपल्या नावावर रिकन्व्हेयन्सचा, म्हणजे कर्ज फिटून बोजा उतरल्याचा, दस्त नोंदला गेलाय का, ते पाहावं. कर्ज काढून घर घेताना डीड ऑफ ट्रस्ट, म्हणजे घर तारण ठेवल्याचा दस्त, नोंदवलेलं असतं. कर्ज संपलं तरी रिकन्व्हेयन्स नोंदेपर्यंत ते दप्तरात उभंच राहतं. बँका विलीन होतात, कर्जं एका कंपनीकडून दुसरीकडे जातात आणि हा एक कागद मध्येच राहून जातो. घर विकायच्या आठवड्यात हे कळलं तर धावपळ ठरलेली. आज पाच मिनिटं सूची चाळली तर बँकेला पत्र लिहायला हाताशी वेळ असतो.

घर घेतल्यावर काही आठवड्यांत सरकारी थाटाचं पत्र येतं: तुमच्या डीडची प्रत मागवा, इतके डॉलर पाठवा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे सरकारी पत्र नाही. मूळ डीड नोंदणीनंतर तुम्हाला टपालाने येतंच. हरवलं तर रेकॉर्डरकडून पानामागे थोडे डॉलर देऊन प्रत मिळते.

लग्न, जन्म आणि मृत्यूचे दाखले

कॅलिफोर्नियात लग्नाचा परवाना कुठल्याही काउंटीतून घेऊन लग्न राज्यात कुठेही लावता येतं. नोंद मात्र जिथून परवाना घेतला त्या काउंटीत राहते. परवाना सॅन होजेतून घेतला आणि लग्न लेक टाहोला लावलं, तर दाखला सांता क्लारा काउंटीच देणार. टाहोच्या बाजूची काउंटी खरंखुरं उत्तर देईल की अशी नोंद आमच्याकडे नाही, आणि माणूस उगाच घाबरेल.

परवाना सार्वजनिक होता की गोपनीय, हेही आठवून ठेवा. गोपनीय परवान्याच्या लग्नाची प्रत पती-पत्नीशिवाय कुणाला कोर्टाच्या हुकमाविना मिळत नाही, आणि ती फक्त काउंटी क्लार्ककडे असते.

जन्म आणि मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रकारच्या प्रती असतात. अधिकृत प्रत जवळचे नातेवाईक आणि कायद्याने ठरवलेल्या मोजक्याच लोकांना मिळते. त्यासाठी शपथपत्र लागतं आणि टपालाने अर्ज करत असाल तर ते नोटरीसमोर सही केलेलं असावं लागतं. माहितीपर प्रत कुणालाही मिळते, पण ओळख सिद्ध करायला ती चालत नाही, आणि तसा शिक्का तिच्यावर ठळक मारलेला असतो. पासपोर्ट, ओसीआय, बँक, वारस नोंद या सगळ्याला अधिकृत प्रतच मागा. घरात मृत्यू झाला असेल तर सुरुवातीलाच जास्त प्रती घ्या. बँका आणि विमा कंपन्या एकेक ठेवून घेतात.

दाखला भारतात दाखवायचा असेल तर त्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, लागतं. भारत 2005 पासून अपोस्टीलच्या हेग कराराचा भाग आहे, त्यामुळे दूतावासाच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज उरत नाही. अपोस्टील काउंटी देत नाही, राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो. खोच अशी की सेक्रेटरी ऑफ स्टेट दाखल्यावरची सही तपासतो. काउंटी क्लार्क-रेकॉर्डरची सही सरळ चालते. अलीकडच्या जन्म-मृत्यूचे दाखले साधारणपणे काउंटीच्या आरोग्य खात्यातून येतात आणि त्यांवर आरोग्य अधिकाऱ्याची सही असते. ती सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते, नाहीतर दाखला परत येतो. म्हणून खिडकीवरच सांगा की कागद भारतात वापरायचा आहे आणि अपोस्टीलला चालेल अशी सही हवी. तलाठी कार्यालयात वारस नोंदीसाठी ताटकळलेल्या घरच्यांचे काही आठवडे त्याने वाचतात.

आधीच उघड असलेलं

बोर्ड ऑफ सुपरवायझर्स हे काउंटीचं पाच जणांचं सत्ताकेंद्र आहे. सरकारी बैठका खुल्या ठेवायला लावणाऱ्या 1953 च्या ब्राउन ॲक्टनुसार नियमित बैठकीचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो. अजेंड्याला जोडलेल्या अहवालांत ठेके, खर्च, रस्त्यांच्या योजना असं पुष्कळ काही सापडतं. कर्मचाऱ्यांचे पगार राज्याच्या कंट्रोलरच्या संकेतस्थळावर आहेत. पुढाऱ्यांचे आणि बड्या अधिकाऱ्यांचे हितसंबंध फॉर्म 700 मध्ये असतात. तो बघायला नावही सांगावं लागत नाही आणि प्रतीला पानामागे 10 सेंटपेक्षा जास्त घेता येत नाही.

अर्ज लिहिताना

इथवर काही सापडलं नाही तर अर्ज करा. सांता क्लारासारख्या मोठ्या काउंटीत त्यासाठी ऑनलाइन पोर्टल असतं, पण ईमेलने, पत्राने, अगदी तोंडीही अर्ज करता येतो. लेखीच करा म्हणजे तारीख राहते. एकच मध्यवर्ती कचेरी सगळं बघेल असं धरू नका. ज्या खात्याकडे कागद आहे त्याच्या नावाने पाठवा.

कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, प्रश्नाचं उत्तर देत नाही. ‘लॉरेन्स आणि होमस्टेडच्या चौकात पादचाऱ्यांना इतका कमी वेळ का?’ असं विचारलं तर अशी नोंद आमच्याकडे नाही, एवढंच उत्तर येईल आणि ते कायद्याला धरून असेल. ‘का’च्या जागी ‘कोणता कागद’ हे घाला. सिग्नलची वेळ ठरवताना काहीतरी तक्ता केला असणार, वाहनं मोजली असणार, तक्रारी आल्या असणार, त्यांना उत्तरं गेली असणार. ते मागा. अर्ज इंग्रजीत जाणार, पण त्याचा गाभा असा हवा:

‘कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टनुसार, रस्ते खात्याकडच्या पुढील नोंदी मागतो. जागा: लॉरेन्स एक्सप्रेसवे आणि होमस्टेड रोड यांचा चौक. काळ: गेल्या दोन वर्षांतल्या दोन तारखांमधला. एक, या चौकात सध्या लागू असलेला सिग्नल टायमिंगचा तक्ता. दोन, या काळातली वाहनांची आणि पादचाऱ्यांची मोजणी. तीन, पादचाऱ्यांच्या वेळेबद्दल नागरिकांनी केलेल्या तक्रारी आणि खात्याने दिलेली उत्तरं, ईमेलसह. नोंदी संगणकीय स्वरूपात ईमेलने पाठवाव्यात. काही शुल्क असल्यास खर्च करण्यापूर्वी कळवावं. एखादा भाग देता येत नसेल तर तेवढाच झाकून उरलेला द्यावा आणि कोणत्या कलमाखाली झाकला ते लिहावं.’

जागा, काळ, खातं आणि कागदाचा प्रकार या चार गोष्टी आल्या की अर्ज पुरा झाला. कशासाठी हवंय ते सांगायची सक्ती नाही. आपल्या माहिती अधिकारातही नाही. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे, इथे तशी नाही, पण ती शिस्त कामाला येते. ‘या चौकाबद्दलचं सगळं द्या’ असं लिहिलं तर हजारो ईमेल निघतात आणि महिने जातात. अपघातांचे पोलिस अहवाल या अर्जात मागू नका. ते फक्त अपघाताशी संबंधित लोकांना मिळतात.

अर्ज गेल्यावर

काउंटीने 10 दिवसांत कळवायचं असतं. पण ते कागद देण्याचे दिवस नव्हेत. नोंदी आहेत का, त्या देणार का आणि अंदाजे कधी, हे 10 दिवसांत सांगायचं. ठरावीक कारणांसाठी ते आणखी 14 दिवस मागू शकतात. दहाव्या दिवसानंतर उत्तर नसेल तर अर्ज क्रमांक घालून दोन ओळींचं सभ्य स्मरणपत्र पाठवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम हलतं.

‘तुमचा अर्ज फार व्यापक आहे’ असं उत्तर आलं तर तो नकार समजू नका. कायद्याने काउंटीवर अर्जदाराला मदत करण्याची जबाबदारी टाकली आहे: कोणत्या नोंदी आहेत, कुठल्या स्वरूपात आहेत, अर्ज कसा नेमका करता येईल, हे त्यांनी सांगायचं. म्हणून लगेच विचारा की या विषयावर तुमच्याकडे कोणत्या प्रकारच्या नोंदी असतात. फोन करायला संकोच करू नका. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाला कागदाचं नेमकं नाव ठाऊक असतं. ते कळलं की अर्ज दोन ओळींत सुधारता येतो. बोलणं झालं की ठरलेलं ईमेलने कळवून ठेवा.

कॅलिफोर्नियात कार्यालयात जाऊन कागद बघणं फुकट आहे, आणि स्वतःच्या फोनने फोटोही काढता येतात. रेकॉर्डरकडच्या दस्तांचे आणि दाखल्यांचे दर वेगळ्या कायद्यांनी ठरतात, ते यात धरू नका. शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे घेता येत नाहीत, फक्त प्रतीचा प्रत्यक्ष खर्च घेता येतो. हेवर्ड शहराने पोलिसांच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाचा गोपनीय भाग काढण्याचे पैसे मागितले होते. 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालणार नाही म्हटलं. खास संगणकीय प्रोग्रॅम लिहून माहिती काढावी लागली तर मात्र त्याचा खर्च लागू शकतो.

नकार आला तर

लेखी अर्जाला नकार लेखीच हवा. त्यात सूट देणारं कलम आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव व पद असायला हवं. ‘गोपनीय आहे’ एवढंच आलं तर कलम विचारा. कर्मचाऱ्यांच्या खासगी फायली, वैद्यकीय माहिती, पोलिस तपास, वकिलाचा सल्ला ही नेहमीची कारणं आणि बऱ्याचदा रास्तही. पण एका ओळीसाठी पूर्ण कागद रोखता येत नाही, वेगळा काढता येण्याजोगा भाग द्यावाच लागतो.

दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सांता क्लारा काउंटीने आपला संगणकीय भू-नकाशा मोठी किंमत लावून आणि करारावर सही घेऊनच द्यायचं ठरवलं होतं. स्वामित्वहक्क आणि सुरक्षितता ही कारणंही पुढे केली. 2009 मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली आणि तो नकाशा प्रतीच्या खर्चात द्यायला लावला. दुसरा सॅन होजेचा, 2017 चा: अधिकाऱ्याने सरकारी कामाचे ईमेल खासगी खात्यावरून पाठवले म्हणून ते सार्वजनिक नोंदींतून सुटत नाहीत.

कॅलिफोर्नियात माहिती आयोगासारखं अपील नाही. पुढची पायरी सुपीरियर कोर्टच. तिथे जिंकलात तर वकिलाची फी काउंटीला द्यावी लागते, त्यामुळे काही वकील अशी प्रकरणं आगाऊ पैसे न घेताही पाहतात. त्याआधी काउंटीच्या वकील खात्याला निकालाचा हवाला देऊन एक पत्र लिहा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

दुसऱ्या राज्यात असाल तर

न्यू जर्सीत काउंटीकडे कमी असतं. एडिसनमधल्या घराचं डीड न्यू ब्रन्सविकला मिडलसेक्स काउंटी क्लार्ककडे मिळेल, पण मालमत्तेचं मूल्यांकन आणि विवाहाचा दाखला टाउनशिपकडे. तिथला सरकारी नोंदींचा कायदा ओप्रा नावाने ओळखला जातो, मुदत कामाचे सात दिवस. नकाराविरुद्ध गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे फुकट तक्रार करता येते. 2024 मध्ये या कायद्यात मोठे बदल झाले, म्हणून जुने मार्गदर्शक वाचून जाऊ नका.

टेक्ससमध्ये मूल्यांकन काउंटीपासून वेगळ्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे असतं. प्लेनो-फ्रिस्कोच्या बहुतेक लोकांनी कॉलिन काउंटीच्या डिस्ट्रिक्टमध्ये बघावं. ट्रान्सफर टॅक्सची युक्ती तिथे चालत नाही, कारण तो करच नाही. कागद रोखायचा असेल तर बहुतेक वेळा काउंटीलाच कामाच्या 10 दिवसांत राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे परवानगी मागावी लागते, आणि तुम्हीही तिथे आपलं म्हणणं लिहून देऊ शकता. इलिनॉयमध्ये मुदत कामाचे पाच दिवस. नकार आल्यास ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातल्या पब्लिक ॲक्सेस काउन्सेलरकडे 60 दिवसांत जायचं. कनेक्टिकटमध्ये काउंटीचं सरकार 1960 मध्येच बंद झालं, जमिनीचे दस्त टाउन क्लार्ककडे असतात.

व्हर्जिनियाचा सरकारी नोंदींचा कायदा मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांना हक्क देतो, आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. फेअरफॅक्सहून दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथला कागद हवा असेल तर तिथे राहणाऱ्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या नावाने अर्ज करा. डीड किंवा विवाहाचा दाखला हवा असेल तर या अर्जाच्या फंदात पडू नका, ते थेट सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे मागता येतात.